रोलरवरचे केस

तारकपूर, अहिल्यानगर
रविवार, २२ जून २०२५

प्रिय शॅरन,

प्रभूच्या नावाने तुला आणि केविनला सलाम. पाकिटावर अहिल्यानगर लिहिलंय, पण तोंडात अजून नगरच बसलेलं आहे, तेव्हा पत्रात मी नगरच लिहीन. बापाचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. माझी तब्येत ठीक आहे, रक्तदाबाची गोळी न चुकता घेतो आणि आज सकाळी उपासनेला जाऊन आलो. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर आपण गेले सहा महिने काय बोलतो ते तुलाही ठाऊक आहे. जेवलात का, जेवलो. गोळी घेतली का, घेतली. ठेवू का, ठेव. एवढ्यात काही मावत नाही, आणि मला जे सांगायचं आहे ते जरा लांबलचक आहे.

निमित्त म्हणशील तर तुमचा व्हॅक्यूम क्लीनर. परवा केविन सांगत होता की तुमचं मशीन हल्ली नुसतं ओरडतं, कचरा काही ओढत नाही, आणि सोसायटीतले लोक म्हणतात नवं घ्या. नवं घेऊ नका. मशीन ओरडतंय म्हणजे मोटर ठणठणीत आहे. दोष बहुतेक वेळा खालच्या ब्रशाच्या रोलरमध्ये असतो. ज्या माणसाने एकतीस वर्षं साखर कारखान्यात फिटर म्हणून मिलचे रोलर काढले आणि बसवले, त्याचं रोलरच्या बाबतीत तरी ऐकावं. आधी प्लग काढायचा. मशीन आडवं करून खालच्या दोन क्लिपा सोडल्या की रोलर हातात येतो. त्याच्यावर केस आणि दोरे गुंडाळलेले दिसतील. लोक तेवढे ओढून काढतात आणि झालं म्हणतात. खरा चोर दोन्ही टोकांना लपलेला असतो. टोकाची टोपी काढलीस की आत बेअरिंगपाशी केसांचा घट्ट वेढा सापडेल. तो राहिला की रोलर जड फिरतो, मग पट्टा तापतो, जळका वास येतो आणि माणूस म्हणतो मशीन गेलं. पट्ट्याला चीर पडली आहे का ते बघ. ब्रश झिजून आखूड झाला असेल तर तो फरशीला टेकतच नाही, मग कितीही फिरवा, धूळ जागच्या जागी. रोलर पाण्याने धुतलास तर एक पूर्ण दिवस वाळू दे, ओला बसवू नकोस. आणि बसवण्याआधी हातात धरून बोटाने फिरवून बघ, फुंकर मारल्यासारखा हलका फिरला पाहिजे. महिन्यातून एकदा एवढं केलं तर ते मशीन अजून कितीतरी वर्षं चालेल.

हे वाचून तू हसली असशील नाहीतर चिडली असशील. कारण नाताळात तू इथे आपल्या मशीनवर नेमकं हेच करायला बसली होतीस आणि मी तुला करू दिलं नाही.

चोवीसला तुम्ही आलात तेव्हा दारातच तुला चार शिंका आल्या. तू टेबलावर बोट फिरवून बघत होतीस ते मला दिसत होतं. बाहेर रस्ता खोदलेला, आणि घरात तुझ्या आईमागे फडकं हातात घेणारं कोणी नाही. कपाटापासून पलंगाखालपर्यंत धुळीचा थर होता, मी नाही म्हणत नाही. सव्वीसला सकाळी केविन म्हणाला, चला, मशीन फिरवू. मशीन ओरडलं, जळका वास आला, पण रोलर काही हलला नाही. तू फरशीवर मांडी घालून बसलीस, क्लिपा सोडल्यास, रोलर हातात घेतलास आणि म्हणालीस, बापरे, केवढे केस अडकलेत, पप्पा, आधी हे सगळं कापून काढू. कात्री तुझ्या हातातच होती. मी आलो आणि रोलर तुझ्या हातातून हिसकावून घेतला. पुढे जे बोललो ते मला रोज ऐकू येतं. ठेव ते खाली, हे काही तुझं घर नाही, तुझ्या घरी जाऊन काय कापायचं ते काप. तू माझ्याकडे बघितलंस, बेसिनवर हात धुतलेस आणि बॅग भरायला घेतलीस. तुम्ही तीस तारखेला जाणार होतात, ते सत्तावीसच्या सकाळी गेलात. तुझ्यासाठी वेगळ्या काढलेल्या करंज्या डब्यातच राहिल्या.

मार्चमध्ये आनंदाची बातमी केविनने दिली. तू शेजारी असशील, मला तुझा श्वास ऐकू आल्यासारखं वाटलं, पण तू फोन हातात घेतला नाहीस. मे महिन्यात पुन्हा त्यानेच सांगितलं की पहिलं बाळंतपण असलं तरी शॅरन माहेरी येणार नाही, पुण्यातच राहील, तिथे त्याची आई आहे, आणि नगरच्या घरात धूळ फार. मी बरं म्हणालो. मोठ्या समजूतदारपणे म्हणालो. फोन ठेवून कितीतरी वेळ तसाच खुर्चीत बसलो, चहा गार झाला. तुला वाटत असेल की बापाला काही पडलेलं नाही. तसं नाही हे सांगायचं तर मला आधी त्या रोलरवर काय होतं ते सांगावं लागेल.

तुझ्या आईचे केस तुला आठवतात का? तू पाहिलेस ते उतरणीचे. आमचं लग्न झालं तेव्हा लिडियाची वेणी कमरेच्या खाली यायची, आणि तिच्या माहेरी, तिसगावच्या विहिरीवर तिला केस धुवायला दोन बायका लागायच्या असं साळूमावशी अजून सांगते. ती जरा फुगवून सांगते, पण फार नाही. त्या केसांचं तुझ्या आईला भारी कौतुक. फणीला आलेला एकही केस तिने कधी बाहेर टाकला नाही. बोटाभोवती गुंडाळून ती गुंतवळ बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची, आणि दोनतीन महिन्यांनी गोजरबाई आली की डबा तिच्यापुढे रिता व्हायचा. केसांवर भांडी देणारी ती मिरजगावकडची गोजरबाई, डोक्यावर भांड्यांचं गाठोडं, हातात छोटा तराजू. आपल्या घरातल्या निम्म्या वाट्या आणि तुझा शाळेचा डबा आईच्या केसांवर आलेला आहे. तू हे मैत्रिणींपासून लपवायचीस आणि आई मुद्दाम त्यांच्यासमोर सांगायची.

मग तू पहिल्या पगारातून ते मशीन आणलंस. आईचा दमा वाढलेला, डॉक्टरांनी केरसुणीला हात लावायचा नाही म्हणून बजावलेलं. आठ दिवस तिने ते पाहुण्यासारखं नुसतं कोपऱ्यात उभं करून ठेवलं, त्याला क्रोशाच्या लेसचं आवरण विणलं, आणि मग कुठे वापरायला काढलं. पण महिन्याभरात तिच्या लक्षात आलं की डबा भरेना. जमिनीवर पडलेले, उशीवरून गळालेले तिचे केस मशीन खाऊन टाकत होतं. तिने मला विचारलं, हे जातात कुठे. मी मोठ्या ऐटीत मशीन आडवं केलं, रोलर काढला आणि ब्लेड घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चीर मारली. दोन मिनिटांत रोलर लख्ख. कंपनीच्या पुस्तकातही तसंच करायला सांगितलंय. मी शाबासकीची वाट बघत उभा, आणि ती त्या तुकड्यांकडे बघत म्हणाली, अहो, तुम्ही माझी एक अख्खी वाटी कापून टाकली. कापलेला केस गोजरबाई घेत नाही, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मुळापासून टोकापर्यंत अख्खा केस असेल तरच तिच्या तराजूत बसतो. त्या दिवशी तुझी आई माझ्याशी रात्रीच्या जेवणापर्यंत बोलली नाही, आणि जेवताना मी कबूल केलं की यापुढे रोलरला ब्लेड नाही की कात्री नाही.

तेव्हापासून रोलर ती स्वतः सोडवायची. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी, ओट्यावर वर्तमानपत्र पसरून. हातात क्रोशाची सुई. सुईच्या आकड्याने एक केस उचलायचा, तो कोणत्या बाजूने गुंडाळलाय ते बघायचं, आणि रोलर उलटा फिरवत फिरवत तो सोडवून घ्यायचा. मी म्हणायचो, मिलचा सबंध रोलर आम्ही एवढ्या वेळात बदलतो. ती म्हणायची, म्हणूनच तुमच्या मिलमधून कधी वाटी निघाली नाही. गंमत अशी की असा सोडवलेला रोलर ब्लेडने साफ केलेल्यापेक्षा हलका फिरायचा. ब्लेडने वरचं निघतं, पण आत शिरलेली टोकं तशीच राहतात. सोडवताना माणूस केसाच्या मागे मागे थेट बेअरिंगपर्यंत जातो. हे मला, फिटर असून, तुझ्या आईने शिकवलं.

शेवटच्या वर्षी एप्रिलनंतर तिला तेवढं बसवेना. दर शनिवारी म्हणायची, उद्या घेते सोडवायला. मी म्हणायचो, राहू दे, बरी झालीस की कर. एकदाही मला सुचलं नाही की सुई आपण हातात घ्यावी. ऑगस्टात ती गेली. दफनविधीनंतर पाहुणे गेले, तूही गेलीस, आणि पुढच्या आठवड्यात मी मशीन फिरवलं. दोन खोल्या होईपर्यंत रोलर अडकला. उघडून पाहिला तर वर माझे चार आखूड केस आणि पडद्याचा एक दोरा, आणि खाली सगळे तिचे. शेवटच्या चार महिन्यांचे. मुळाकडे पांढरे, मध्ये मेंदीचे, टोकाला काळे. शॅरन, मी क्लिपा परत लावून टाकल्या. मशीनला तिचं लेसचं आवरण घातलं आणि कोपऱ्यात ठेवून दिलं. त्यानंतर कधीकधी आवरण वर करायचो, मशीन आडवं करून बघायचो आणि परत ठेवायचो. सहासष्टाव्या वर्षी माणसाने करायचे हे उद्योग नव्हेत. कारखान्यात हाताखालच्या माणसांना मी ओरडायचो की रोलरची निगा ठेवता येत नसेल तर घरी बसा, आणि इथे माझ्याच घरात रोलर जवळजवळ दोन वर्षं जाम झालेला होता आणि मी त्याची राखण करत होतो.

तर तुझ्या हातात नाताळात तो रोलर होता आणि दुसऱ्या हातात कात्री. मला तेव्हाच सांगता आलं असतं. हे आईचे केस आहेत, एवढंच. चार शब्द. पण ते बोलायला तोंड उघडलं असतं तर मी रडलो असतो, आणि सासरा जावयासमोर रडायला नको म्हणून मी ओरडलो. तू काही चूक केली नव्हतीस. चूक माझी होती, आणि ती तुला सांगायला मला सहा महिने लागले.

आता पुढचं ऐक. शेजारच्या अश्विनीची सृष्टी आता दहा महिन्यांची झाली. मागच्या महिन्यात अश्विनी मला भाजी द्यायला आली, पोरीला खाली सोडलं, आणि ती माझ्या दिवाणखान्यातून दारापासून खिडकीपर्यंत रांगत गेली. मी टाळ्या वाजवत होतो. अश्विनीने तिला उचललं तेव्हा तिचे दोन्ही तळवे आणि गुडघे काळेकुट्ट. बेसिनवर नेऊन तिने लेकीचे हात धुतले, माझ्याकडे बघून हसली आणि गेली. तुझ्या चार शिंकांनी आणि केविनच्या फोनने जे झालं नाही ते त्या धुतलेल्या हातांनी झालं. मला लाज वाटली. मी मनात म्हटलं, शांतवन, तुझं नातवंड या फरशीवर रांगणार नाही यात शॅरनचा काही दोष नाही.

तरी लगेच शहाणा झालो असं समजू नकोस. मी आधी पळवाट काढली. म्हटलं, नवा रोलर आणू, जुना तसाच आईच्या रुमालात बांधून कपाटात ठेवू. माळीवाड्यातल्या दुकानात मशीनचं नाव आणि नंबर कागदावर लिहून घेऊन गेलो. दुकानदार भला माणूस, त्याने दोन ठिकाणी फोन केले आणि सांगितलं की काका, हे मॉडेल बंद झालं, याचा रोलर आता मिळत नाही, आहे तोच साफ करून वापरा. मी रिक्षाने घरी आलो, हातपाय धुतले आणि तुझ्या आईच्या विणकामाच्या पिशवीतून क्रोशाची सुई काढली.

तीन दुपारी लागल्या. पहिल्या दुपारी माझ्या बोटांना काही जमेना, ही बोटं पान्याची. दोन केस तुटले आणि मी सुई ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी तिच्यासारखा ओट्यावर उजेडाकडे तोंड करून बसलो, रोलर मांडीवर आडवा घेतला, आणि ओढायचं सोडून नुसता फिरवत गेलो. मग केस आपणहून यायला लागले. वर ब्रशाच्या दातांत तुझाही एक अडकलेला सापडला, तो तांबूस रंगवलेला, आखूड. नाताळात दोन दिवसांत तू एवढा तरी माग ठेवून गेलीस, म्हणून बरं वाटलं. त्याच्याखाली तिचे. मला वाटलं होतं फार त्रास होईल. झालाही. पण तिसऱ्या दुपारी माझ्या लक्षात आलं की मी तिच्याशी बोलतोय. कारखान्यातल्या गोष्टी, कोण निवृत्त झालं, चर्चच्या छपराचं काम कुठवर आलं, शॅरनला कितवा महिना लागला. दोन वर्षांत एवढं बोललो नव्हतो. शेवटी दोन्ही टोप्या काढल्या, बेअरिंगपाशचे वेढे सोडवले, रोलर धुतला, एक दिवस सावलीत वाळवला आणि बोटाने फिरवून बघितला. तुला वर सांगितलं तसा, हलका.

हंगाम सुरू होण्याआधी कारखान्यात मिलची ट्रायल घेतात, तशी मी घरात घेतली. तीन दिवस एकेक खोली. पलंगाखाली, कपाटामागे, पडद्यांच्या घड्यांत. धुळीचं भांडं सात वेळा भरलं. मग अश्विनीला म्हटलं, सृष्टीला घेऊन ये जरा. पोरगी दारापासून खिडकीपर्यंत रांगली, मग माझ्या पायाला धरून उभी राहिली. मी तिचे दोन्ही तळवे उजेडात धरून बघितले. स्वच्छ. अश्विनी म्हणाली, काका, तुम्ही परीक्षक झालात की. मी तिला सांगितलं नाही की ही परीक्षा माझीच होती.

सोडवलेले केस मी रिठ्याच्या पाण्याने धुतले आणि वाळवून आईच्या बिस्किटाच्या डब्यात ठेवले. डब्यात तिची जुनी गुंतवळ होतीच. त्यांचं पुढे काय करायचं ते मी ठरवलं नव्हतं. तर गेल्या गुरुवारी सकाळी गल्लीत हाक आली, केसं हायती का केसं, केसावर भांडी. दोन वर्षांत ती हाक मी कितीदा ऐकली, पण दार उघडलं नव्हतं. एकदा तर फाटकातूनच, आज काही नाही, असं म्हणून तिला परत पाठवलं होतं, बाई गेली हेही सांगितलं नव्हतं. या वेळी मी दार उघडलं. गोजरबाईने गाठोडं उतरवलं आणि विचारलं, दादा, बाई न्हाईत व्हय घरात? मी सांगितलं. ती पायरीवर बसली. तिने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, लई साजरे केस हुते बाईचे, असे केस आता गावात न्हाई की शहरात न्हाई. मी आत जाऊन डबा आणला. खरं सांगतो, द्यायला आणला नव्हता, नुसता दाखवायला आणला होता.

तिने वरचे केस हातात घेतले, उजेडात धरले, बोटांमधून ओढून बघितले. हे फनीचं न्हाई, यंत्रातलं हाय, पन येक बी कापल्यालं न्हाई, कुनी सोडावलं? मी म्हटलं, मी सोडवलं. तिने माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाली, बाईला लई बरं वाटलं आसतं. मग गाठोडं सोडून तिने तळाशी हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं. म्हणाली, ह्ये बाईनं मला सांगून ठिवल्तं, पोरीचं लगीन झालंय, पुढल्या टायमाला बोंडलं आन. मी आनल्तं, तवा तुमी फाटकातूनच न्हाई म्हनाला. तवापसून गाठुड्यात हाय. आता बोंडलं कोन घेतंय दादा, समदी बाटली वापरत्यात. बोंडलं म्हणजे काय ते तुला माहीत नसेल. बाळाला दूध किंवा औषध पाजायची ती चोच असलेली छोटी वाटी. तुला तिने अशाच बोंडल्याने पाजलं होतं, ते पितळेचं होतं. हे स्टीलचं आहे, तळहाताएवढं. गोजरबाईने तराजूत केस घातले, पण वजन काही नीट बघितलं नाही. मी सगळे दिले, शॅरन. आठवण म्हणून एखादा ठेवावा असं मनात आलं होतं, पण हा व्यवहार तुझ्या आईने ठरवलेला होता, त्यात मी काटछाट करायची नाही असं ठरवलं. डबा रिकामा घेऊन आत आलो, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मला घरात रितं वाटलं नाही.

ते बोंडलं मी उकळून, पुसून तिच्या वाट्यांच्या ओळीत ठेवलं आहे. आता का लिहिलं ते सांगतो, इतकं वळसे घेऊन झाल्यावर. शॅरन, बाळंतपणाला घरी ये. हे तुझं घर नाही असं मी म्हणालो होतो, ते साफ खोटं होतं, हे तुझंच घर आहे आणि तुझ्या आईने त्यात तुझ्या बाळाची पहिली वाटी घेऊन ठेवली आहे. तुझी तयारी असेल तर साळूमावशी ऑगस्टपासून तिसगावहून येऊन राहते म्हणाली आहे. स्टेशन रोडच्या डॉक्टरीणबाईंना मी भेटून आलो, तुझे कागद घेऊन या म्हणाल्या. समोरच्या खोलीत उजेडाकडे पलंग लावला आहे, खिडकीला जाळी बसवली आहे, आणि फरशी तू बोट फिरवून बघ. केविनच्या आईकडे राहायचं तुझ्या मनात पक्कं असेल तर मी रुसणार नाही, बोंडलं घेऊन पुण्याला येईन. पण येणार असलीस तर येताना तुमच्या मशीनचा तो रोलर पिशवीत घालून आण. त्याला कात्री लावू नकोस, आहे तसा आण. बाळंतपणानंतर बाईचे केस फार गळतात असं साळूमावशी सांगते. गळू देत. रोलर सोडवायला मी आहे.

वाट बघणारा,
तुझाच
पप्पा